विझवणाऱ्याची लेव्हल

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आम्हाला ओळखत नाही — म्हणून असेल.

ओंकार माझा धाकटा भाऊ. त्याला स्नायूंचा आजार होता. शाळेत असतानाच पाय गेले, कॉलेजच्या वयात हात. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी त्याचा पलंग, आणि पलंगावर सुपरहिरोंची कॉमिक्स. त्यातही त्याचा जीव म्युटंट्सवर — जन्मतःच अंगात काहीतरी अचाट घेऊन आलेली ती माणसं. कोणी डोंगर उचलतो, कोणी दुसऱ्याच्या मनातलं वाचते. पानं मी उलटायचे. त्याने "हं" म्हटलं की पुढचं पान. कित्येक वर्षं.

त्याचा लाडका म्युटंट मात्र अगदी किरकोळ. त्याला स्वतःला काहीच येत नसे — फक्त तो जवळ आला की समोरच्याची शक्ती बंद. ओंकार त्याला 'विझवणारा' म्हणायचा. फेसबुकवर मराठी कॉमिक्सवाल्यांचा एक ग्रुप होता, तिथे कोण कोणत्या लेव्हलचा यावर रोज हमरीतुमरी चालायची. पाचवी लेव्हल सगळ्यात वरची. बाकीचे विझवणाऱ्याला दोनवर ठेवायचे, ओंकार एकटा पाचवर. फोनशी बोलून बोलून लांबलचक लिहायचा — त्याच्या शेजारी उभं राहिलं की सगळे सारखेच होतात, याच्याहून मोठी ताकद कुठली? तो आजारी आहे हे ग्रुपवर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला ते तसंच हवं होतं.

ठाऊक होतं फक्त इम्रानला. इम्रान येवल्याचा, मागावर पैठणी विणणारा. ग्रुपवर भांडता भांडता दोस्त झाला, मग सुट्टीच्या दिवशी एसटीने घरीच यायला लागला. तो आला की पानं तो उलटायचा. आतून दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि मी गच्चीत जाऊन नुसती उभी राहायचे.

आणि मी? मीही त्या ग्रुपमध्ये होते. खोट्या नावाने, पुरुषाच्या. सुरुवातीला गंमत म्हणून — खरंच गंमत म्हणून. मी मुद्दाम त्याच्या विरुद्ध लिहायचे, आणि जेवताना, मी घास भरवत असताना, तो मला सांगायचा, "ताई, एक नवा आलाय ग्रुपवर. बरा भांडतो." मला इतका आनंद व्हायचा! सांगू, सांगू म्हणत सांगायचं राहिलं.

हे सगळं बिघडलं त्या आठवड्यात मी पुण्याची नोकरी नाकारली होती. घरी बोलले नव्हते. हे कारण म्हणून सांगत नाहीये — फक्त तसं होतं.

रविवारी दुपारी मी ग्रुपवर लिहिलं की रिकाम्या खोलीत विझवणारा म्हणजे कोण? कोणीच नाही. विझवायला समोर दुसऱ्याची ताकद लागते. ओंकारचं उत्तर लगेच आलं. "या साहेबांनी वाचलेलं दिसत नाही. नुसती पानं उलटलीत." खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली.

नुसती पानं उलटलीत. कोणाला म्हणतोय हे त्याला कुठे माहीत होतं? पण मला होतं ना. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, तो भिंतीपलीकडे. आणि मी लिहिलं — "ज्याला स्वतःच्या तोंडावरची माशी हाकलता येत नाही, त्याने ताकदीच्या लेव्हल ठरवू नयेत."

माशीची गोष्ट खरी होती. एकदा मी भाजी आणायला खाली गेले होते आणि मी येईपर्यंत ती त्याच्या ओठावर बसून होती. हसत हसत सांगितलं होतं त्याने. मला, आणि इम्रानला.

थोड्या वेळाने त्याने हाक मारली. मी गेले. तो रडत नव्हता. "फोन बंद कर," म्हणाला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "इम्रानने सांगितलं असणार कोणाला तरी. हे त्याला आणि तुलाच ठाऊक आहे."

'आणि तुलाच' — म्हणजे माझा संशय त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. तेव्हा बोलता आलं असतं. लिहिलं ते रागात, पण आता राग कुठे होता? मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाले, "माणसं अशीच असतात रे."

ते खोटं नाव मी त्याच दिवशी पुसून टाकलं. ओंकार ग्रुपवर परत गेला नाही.

नंतरच्या सुट्टीला इम्रान आला, हातात शालिमार चौकात फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे मिळालेला जुना अंक. ओंकारने मान फिरवली. मी दारातच उभी राहून म्हणाले, "झोपलाय तो." इम्रान पुन्हा आला, मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने फक्त माझ्याकडे बघितलं आणि जिना उतरून गेला. कॉमिक्स पुन्हा माझ्या हातात आली. मी पानं उलटायचे, पण ओंकार "हं" म्हणायचंच विसरायचा. माझ्या हातात तेच पान राहायचं.

हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि तो गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की त्याच्या एकुलत्या एक मित्राने त्याला दगा दिला.

इम्रान भेटायला आला. आईजवळ बसला, चहा नको म्हणाला. मी त्याला खाली सोडायला गेले तेव्हा गेटपाशी थांबला. "ताई, माझ्याकडून काय चुकलं ओ? मी लय विचार केला. तो काही बोलला होता का?"

गेटपाशी आम्ही दोघंच होतो. कोणी ऐकणारं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "आजारपणात माणूस चिडचिडा होतो."

म्हणजे ते मी ओंकारवरच ढकललं.

इम्रानने मान डोलावली, डोळे पुसले आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेला. आता त्याला मुलगी आहे. दर ईदला तो मला तिचा फोटो पाठवतो, आणि खाली आईची चौकशी. मी 'ईद मुबारक' लिहिते. आई बरी आहे, असं लिहिते. तेवढंच लिहिते.