डोकी दिसणारं प्रिंट

चोरीच्या सिनेमावर माझ्या साडूंइतकी निष्ठा ठेवणारा माणूस गोदावरीच्या या काठाला तरी दुसरा झाला नसेल. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा धागा. मी वसमतच्या एका वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारा, आणि ते जवळा बाजार या गावी विहिरींवरच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून देणारे. दुकानात शिरलं की जळक्या वार्निशचा वास, रांगेनं मांडलेल्या मोटारी, आणि त्यातल्याच एका रिकाम्या सांगाड्यात टेकवलेला मोबाईल. त्या मोबाईलवर सकाळी नऊपासून सिनेमा चाले, आणि तो चोरीचाच असावा असा त्यांचा आग्रह होता. त्यातही थेटरात लपून, मोबाईल छातीशी धरून काढलेला. ज्यात पडदा तिरपा दिसतो, खाली काळी डोकी दिसतात आणि मध्येच कुणीतरी उठून हिरोच्या तोंडावरून चालत जातं. कंपनीची स्वच्छ प्रत कुणी फुकट देऊ केली तरी ते हात लावत नसत. “त्याच्यात मानसंच न्हाईत,” म्हणत. माणसं म्हणजे पडद्यावरची नव्हेत, खुर्च्यांवरची.

या खुर्च्यांवरच्या माणसांशी त्यांचा संसार होता. कुणी उभं राहिलं की हातातली तार सोडून ओरडायचे, “ए बाबा, बस की खाली! मागं मानसं हायेत!” आणि मागं म्हणजे ते स्वतः. पडद्यावर मध्यंतर झालं की दुकानातही मध्यंतर व्हायचं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थेटरातले दिवे मावळेपर्यंत कामाला हात लागत नसे. एका सिनेमात कुणी बाई सारखी खोकायची. साडूंनी तो सिनेमा तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा माझ्या मेहुणीला म्हणाले, “अडुळशाचा काढा कर वो, लई तकलीफ व्हऊन राहिली तिला.” मेहुणीनं काढा केला. तो कुणाला पाजायचा हे दोघांनाही कळेना, तेव्हा तो मला पाजण्यात आला.

ज्या साइटींवर हे सिनेमे येत त्या सरकार अधूनमधून बंद करी. साडूंनी दुकानाच्या भिंतीवर खडूनं त्यांची नावं लिहिली होती आणि बंद पडलेल्या नावावर ते फुली मारत. मला आधी वाटलं, ही सरकारची विजयगाथा आहे. पण प्रत्येक फुलीखाली तेच नाव एखादं अक्षर वाढवून पुन्हा लिहिलेलं असे. फुली सोमवारची असली तर खालचं नाव बुधवारचं. “मेलेलं मानूस तेराव्याच्या आत घरी यावं तसं येतेत बघा, पाव्हणं,” ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतरची गोष्ट. आठवडी बाजार होता, म्हणून मी भाजी घ्यायला जवळ्याला गेलो होतो. भर दुपार होती आणि बाहेर मिरच्यांच्या ढिगांवर ऊन तापलं होतं. साडूंनी मला हात धरून आत ओढलं, दाराला फळी लावली, तसं दुकान अंधारलं. “काही बोलू नका. नुसतं ऐका,” म्हणाले. सिनेमा नवा होता, विनोदी होता. एका प्रसंगाला सगळं थेटर खो-खो हसलं आणि शांत झालं. पुढचा प्रसंग रडका होता. हिरोची आई खाटेवर पडून काहीतरी सांगत होती आणि थेटरात टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्या शांततेत एकच माणूस हसला. मोठ्यानं, एकट्यानं, आणि शेवटी श्वास आत ओढून, जसं पाण्यातून वर आलेला माणूस ओढतो.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“ऐकलं?” साडूंनी विचारलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा हशा, पुन्हा शांतता, पुन्हा तो एकटा. एवढ्यात मेहुणी मागच्या दारानं चहा घेऊन आली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. हसू संपलं तेव्हा तिनं चहा एका मोटारीवर टेकवला. “भावजी हायेत हे,” ती एवढंच बोलली.

भावजी म्हणजे साडूंचा धाकटा भाऊ. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या आधीच ते घर सोडून गेले होते, आणि घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. त्या दिवशी मला कळलं की त्यांना विनोद उशिरा कळे. सगळे हसून, तोंड पुसून दुसऱ्या विषयावर गेले की मग हे हसायचे, आणि हसून झालं की तो श्वास ओढायचे. त्यांच्या आत्याच्या मयतीत, दोन दिवसांपूर्वीच्या विनोदावर ते हसल्याची गोष्ट मेहुणीनं त्याच दुपारी सांगितली. सांगताना तिला हसू आलं आणि मग ती आत निघून गेली.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक डोकं होतं. साडूंनी ते मला बोटानं दाखवलं. सगळी डोकी हलून थांबली की ते एक हलायचं.

यानंतर साडूंनी दुसरा सिनेमा पाहिलाच नाही. रोज तोच लावायचे. मी गेलो की हकिगत सांगायचे, जणू भाऊ परगावाहून चिठ्ठ्या पाठवत होता. “आज त्यानं मान फिरवली जराशी.” “काल लई येळ हसला.” मी म्हणालो, “साडूभाऊ, ते एकदा काढलेलं आहे. ते रोज वेगळं कसं होईल?” ते मोटारीवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, “तुमचं बराबर हाय. पन काल लई येळ हसला.” त्या दुकानात त्यानंतर मला पाठमोरं बसवेना, त्या मोटारीही कुणाच्या तरी मागे बसून सिनेमा पाहत असल्यासारख्या वाटायच्या.

आणि एका सकाळी साइट बंद झाली. साडू सिनेमा साइटवरच पाहत, उतरवून ठेवत नसत, त्यामुळे मोबाईलवर आता फक्त सरकारी सूचना होती. साडूंनी भिंतीवर फुली मारली आणि वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी साइट आली, नव्या नावानं, शिरस्त्याप्रमाणे. सिनेमाही होता. पण तोवर कंपनीची स्वच्छ प्रत बाहेर आली होती आणि चोरांनी जुनी काढून तीच ठेवली होती. चोरांनाही आपला माल चांगला असावा असं वाटतंच. साडूंनी ती लावली. पडदा सरळ होता, आवाज घंटेसारखा. विनोद आला, आणि कुणीच हसलं नाही. आई खाटेवर बोलू लागली. साडू मोबाईलच्या जवळ सरकले, आणखी सरकले, शेवटी कान लावला. काही नाही. “समदे गेले की वो,” ते म्हणाले. सरकारला चोर सापडला नव्हता, सिनेमा जगभर फिरतच होता. अख्ख्या कारवाईत नाहीसा झाला तो एवढा एक माणूस.

पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पोलिसांचा जागृतीचा कार्यक्रम झाला. जिल्ह्याहून एक फौजदार मॅडम आल्या होत्या. ओटीपी कुणाला सांगू नका, चोरीचे सिनेमे पाहू नका, तो गुन्हा आहे, असं त्या शांतपणे सांगत होत्या. शेवटी त्यांनी कुणाला काही विचारायचंय का म्हणून विचारलं आणि माझे साडू उभे राहिले. मी त्यांचा सदरा ओढला. उपयोग झाला नाही.

“म्याडम, म्या पाहिले. शंभरावर पाहिले असतील. माझं नाव लिहून घ्या,” ते म्हणाले. हॉलमध्ये खसखस पिकली. “पन तो चोर कोन्या थेटरात बसला व्हता तेवढं सांगा. त्याच्या पुढच्या वळीत माझा भाऊ हाय.”

मॅडमनी माइक बाजूला ठेवला. सगळे पांगल्यावर त्यांनी साडूंना खुर्ची दिली आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “प्रत्येक थेटरच्या सिनेमात एक खूण लपवलेली असते, काका. आपल्याला दिसत नाही. चोरी कुठल्या थेटरात, कुठल्या खेळाला झाली, ते कंपनीला त्यावरून कळतं. या सिनेमाचंही कळलं असेल. मी विचारते. कबूल करत नाही, पण विचारते.”

त्यांनी खरंच विचारलं. थंडी पडायला लागली तेव्हा त्यांचा फोन आला. निजामाबादचं एक जुनं टॉकीज, शुक्रवारचा पहिला खेळ.

आम्ही दोघं पहाटे निघालो. नांदेडला गाडी बदलली. बासर मागे पडल्यावर साडू खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “म्या मारलं व्हतं त्याला. भर बाजारात. दुकानाची तांब्याची तार इकून सिनेमाला गेला म्हनून. एक थोबाडीत. लोकं हसले, पाव्हणं. तो बी हसला. पन लोकं हसायचे थांबल्यावर.” थोड्या वेळानं म्हणाले, “त्या रात्रीच गेला. लोकं का हसले ते त्याला तवा समजलं आसंल.”

टॉकीज बंद होतं. दाराला साखळी, तिकिटाच्या खिडकीत कबुतरं. पायऱ्यांवर एक म्हातारा डोअरकीपर ऊन खात बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “चोर तो मिला नहीं साब. टॉकीज पकडा गया. कंपनीवाले नया पिक्चर देना बंद कर दिये, मालिक ताला डाल दिया.” माणसाचं वर्णन साडूंना करता येईना, किती वर्षांत पाहिलं नव्हतं. ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. आणि मग त्या भर रस्त्यावर, भर दुपारी, माझे साडू हसले. स्वतःचं हसू नव्हे, भावाचं. शेवटी तो श्वासही ओढला.

म्हाताऱ्याच्या तोंडावरचं ऊन उतरल्यासारखं झालं. तो सावकाश उठला. “हौ,” म्हणाला. “आते थे. हर जुम्मे. सबके बाद हँसते थे.” नाव? राहायचे कुठे? “टॉकीज में नाम कौन पूछता, साब.”

त्यानं आम्हाला बाजूच्या दारानं आत नेलं. दुपारच्या उन्हातून आत शिरलो की काळोख डोळ्यांवर आदळला. मग हळूहळू खुर्च्या दिसायला लागल्या, रांगांच्या रांगा, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. म्हाताऱ्यानं डावीकडची एक दाखवली. साडू तिच्यावर बसले नाहीत, शेजारच्या खुर्चीवर बसले. पडदा काढून नेलेला होता. पुष्कळ वेळानं त्यांनी हाक मारली, घरातली, लहानपणची. आवाज वर बाल्कनीत गेला, विरला, आम्ही उठायच्या बेतात होतो, आणि तेव्हा तो परत आला. रिकाम्या टॉकीजचा प्रतिध्वनी होता, मला माहीत आहे. म्हाताऱ्यालाही माहीत होतं. तरी तो कानाला हात लावून काहीतरी पुटपुटला.

निघताना साडूंनी माझ्याकडून वहीचं पान आणि पेन घेतलं. बाहेर पोस्टर लावायची काचेची पेटी होती, रिकामी. म्हाताऱ्यानं ती उघडली, आत चिठ्ठी चिकटवली आणि पुन्हा कुलूप घातलं. चिठ्ठीत दुकानाचा फोन नंबर होता आणि वर मोठ्या अक्षरांत दोन ओळी: “घरी ये. कोनी हासनार न्हाई.”

होळीच्या सुमारास दुकानावर म्हाताऱ्याचा फोन आला. पेटीतली चिठ्ठी गेली होती. काच शाबूत, कुलूप तसंच, किल्ली त्याच्याच कमरेला. त्यानं शपथ घेऊन सांगितलं, आणि मग तो स्वतःच घाबरून फोन ठेवून मोकळा झाला.

मी साडूंना समजावून पाहिलं, की उंदीर असेल, मालकानं काढली असेल, दुसरी किल्ली असेल. ते मोटारीत तार भरत होते. “आसंल की,” म्हणाले. मोबाईल त्यांनी केव्हाच सांगाड्यातून काढून ठेवलाय. सिनेमा आता लागत नाही. तरी मी काही गमतीचं बोललो की ते लगेच हसत नाहीत. मान जरा कलती करतात, थोडं थांबतात, दुसऱ्या कुणाचं हसून व्हायची वाट पाहिल्यासारखे, आणि त्या थांबण्यात मीही आता काही बोलत नाही.