गौराक्काच्या गिरणीतलं कोडं

कोल्हापुरात बदली होऊन आल्यावर आठवड्याभरातच मी शिवाजी पेठेत भर रांगेत बोलणी खाल्ली, आणि तीही बरोबर उत्तर दिल्याबद्दल. हातात शाळूचा डबा घेऊन मी पिठाच्या गिरणीसमोर उभा होतो. आतून गिरणीच्या घरघरीवर मात करणारा बाईचा आवाज आला, "आडवा सात! तीन अक्षरी! येलावर येतंय, सालीची चटनी हुतीया!" मला वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचा जुना नाद. नगरला आमच्या गल्लीत माझ्याइतक्या झटपट कोणी कोडं सोडवत नसे. मी ताठ मानेने ओरडलो, "दोडका!"

अख्खी रांग माझ्याकडे वळली. काहींच्या नजरेत राग होता, बहुतेकांच्या नजरेत कीव. गिरणीचं बटण खट्कन बंद झालं आणि डोक्याला फडकं बांधलेली, भुवयांपर्यंत पिठाने माखलेली, कानावर पेन्सिल खोचलेली एक ठेंगणी बाई बाहेर आली.

"पावणं, तुमास्नी कुनी इचारलं?"

"तुम्हीच विचारलंत ना?"

"मी तुमास्नी इचारतो व्हय? मी ह्येस्नी इचारतोय." तिने पोत्यांच्या थप्पीशेजारी खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बोट केलं. "सकाळपास्नं त्येंच्या वठावर आलतं. तुमी मधीच टपाकलासा. मागं जावा. पार मागं."

मी डबा उचलून रांगेच्या शेवटी गेलो. कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. मागे उभ्या असलेल्या एका पैलवानाने मग सगळा खुलासा केला. तोही आदल्या आठवड्यात असाच मागे पाठवला गेला होता.

बाईचं नाव गौराक्का, माहेर निपाणीकडचं. खुर्चीतला माणूस म्हणजे तिचा नवरा, आण्णा. गिरणी त्याचीच, पण पेठेला तो माहीत होता तो त्याच्या आवाजामुळे. फुटबॉलच्या सामन्यांना माइक आण्णाच्या हातात असायचा. गोल झाला की त्याचं बोलणं ऐकायला लोक मैदानाबाहेरच्या झाडांवर चढायचे म्हणे. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तो आवाज गेला. सगळं कळायचं, पण 'चहा' म्हणायचं तर 'छत्री' यायचं, नाहीतर काहीच यायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे. एका जातीच्या वस्तू एकदम विचारत जा. भाज्या विचारा, गावं विचारा, नाती विचारा.

आण्णा झटक्याआधी रोज पेपरातलं कोडं सोडवायचा. त्या पेपरात प्रत्येक वाराचं कोडं एकेका विषयावर असे. सोमवारी भाज्या-फळं, मंगळवारी गावं-नद्या, मग नाती, मग शेतीची अवजारं. चौथी शिकलेल्या गौराक्काने तोवर त्या कोड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं ऐकून आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने दळता दळता ते वाचायला घेतलं. नियम एकच. आण्णाच्या तोंडून शब्द येईपर्यंत चौकोन रिकामे. खुणेने दाखवलेलं चालायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो रांगेच्या मागे.

आता शिवाजी पेठेला गप्प बसायला लावणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. चहात साखर किती यावरून तिथे दोन गट पडतात. पण त्या रांगेत सगळे तोंड दाबून उभे असत. एक म्हातारी पदराचा बोळा दातांत धरायची. पैलवान छताकडे बघत गाल फुगवून उभा राहायचा. मला तर उत्तर येत असताना न बोलणं म्हणजे शिंक अडवण्यासारखं वाटे. कुणाची कुजबुज झाली की आतून कानडीत दरडावणी यायची, "सुम्म कुंदर्री!" म्हणजे गप्प बसा. कानडी न येणारेही त्या दोन शब्दांनी गप्प होत.

एकदा 'गडावरचं गाव, तीन अक्षरी, हितनं जवळ' असं आलं. पन्हाळा. पेठेतलं शेंबडं पोर सांगेल. आण्णाने खूप धडपड केली. प, प करत त्याच्या कपाळाची शीर फुगली आणि शेवटी तोंडातून आलं, "पानी." रांगेत एकजण फिस्सकन हसला. आक्काने गिरणी बंद केली, तांब्याभर पाणी आणून आण्णाच्या डाव्या हातात दिलं आणि म्हणाली, "पानी बी बरोबर हाय. पन कोड्यात बसंना. फुडलं इचारतो." हसणाऱ्याचं दळण त्या दिवशी सगळ्यात शेवटी झालं. पन्हाळा आला तो संध्याकाळी, गिरणी झाडताना, आणि दुसऱ्या दिवशी ही बातमी मला तीन ठिकाणी कळली.

मी एकदा तिला विचारलं, "आक्का, तुम्हाला उत्तरं येतात का हो?"

"समदी येत्यात की. आनि न आली तर उद्याच्या पेपरात छापून येत्यात." तिने चाळणी आपटली. "ह्येंचा आवाज काय छापून येतोय व्हय?"

कुणी तिला विचारलं, आण्णा कसे आहेत, तर ती फाडकन म्हणे, "त्येस्नीच इचारा की. मी काय त्येंचा लाऊडस्पीकर हाय?" मग विचारणाऱ्याला तिथे उभं राहून आण्णाच्या "बरं हाय"ची वाट बघावी लागे. घाईतला माणूसही थांबायचा. आजाऱ्याची चौकशी दुसऱ्याकडे करायची आपली सगळ्यांची सवय तिने निदान पेठेपुरती मोडून काढली. मी दवाखान्यात कुणाला भेटायला गेलो की आजही थेट खाटेवरच्या माणसाशी बोलतो, ते तिच्यामुळे.

त्यांचा मुलगा प्रकाश पुण्याला नोकरीला होता. चांगला मुलगा, आईबापांवर जीव असलेला. एका दिवाळीत तो आला आणि रांगेसमोर वडिलांचं अडखळणं त्याने पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"आई, हा काय तमाशा मांडलायस? लोक तोंडाकडं बघत उभे राहतात त्यांच्या. मी त्यांना पुण्याला नेतो. शांत खोली आहे, बाई ठेवू, तिथं आराम करू देत."

गौराक्काने गिरणी बंद केली. "तमाशा? आरं, जिंदगीभर ह्यो मानूस हजार लोकांत बोलला. रिकाम्या खोलीत त्येचं तोंड कुनासाठी उघडंल?"

"मी ठरवलंय. उद्या गाडी आणतो."

"तू ठरवू नगंस, मी बी ठरवत न्हाय. त्येस्नी इचार."

"त्यांना काय विचारायचं? बोलता येतंय का त्यांना?"

"इचार," आक्का म्हणाली, "आनि थांब."

प्रकाशने विचारलं, "आण्णा, पुण्याला येताय ना माझ्याबरोबर?" आणि तो थांबला. आम्हीही थांबलो. या वेळी रांगेत कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. आक्कालाही नव्हतं. मुलाची माया, पुण्याचे डॉक्टर, पिठाच्या धुळीतून सुटका, आण्णा हो म्हणाला असता तर त्यात काही चूक नव्हती. आक्काने नुसता डोळा मोडला असता, नुसती मान हलवली असती तरी आण्णाला समजलं असतं. पण ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. गिरणीची कड धरलेली तिची बोटं मला दिसत होती. आण्णाचा ओठ थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. प्रकाश मध्येच काहीतरी बोलायला गेला, तर पैलवानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हि... हितंच," आण्णा म्हणाला. मग जरा दम घेऊन, "हिच्या... संगं."

प्रकाश खाली बसला आणि त्याने वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आक्काने वळून पदराने तोंड पुसलं तर पीठ आणखीच पसरलं. "चला," ती खेकसली, "कुनाचं दळान ऱ्हायलंय?"

पुढे मी राजारामपुरीत राहायला गेलो, पण दळण पेठेतच नेत राहिलो. आण्णा छोटी छोटी वाक्यं बोलू लागला होता. पूर्वीचा आवाज काही आला नाही, तो आक्कालाही नको होता. "तवा लई वरडायचं," ती हळूच म्हणे. अशी माणसं कायमची असतात असं आपण धरून चालतो. हातोहाती मोबाइल आले त्या काळात एका सकाळी गौराक्का गेली, झोपेतच, कुणाला तसदी न देता. पेठेतली एवढी मोठी अंत्ययात्रा मी इतकी शांत कधी पाहिली नव्हती.

महिन्याभराने डबा घेऊन गेलो. गिरणी चालवायला प्रकाशने एक माणूस ठेवला होता. खुर्ची रिकामी असेल, या भीतीने मी पायरीवरच घुटमळलो. पण आण्णा खुर्चीत होता. मांडीवर पेपर, डाव्या हातात पेन्सिल. तो स्वतःच वाचत होता, सावकाश, एकेक शब्द जोडत. "उभा... दोन. चार अक्षरी. कोल्हापूरची... नदी." मग आक्का जिथे उभी राहायची तिकडे बघत तो उत्तर शोधू लागला. रांग गप्प होती.

माझ्यापुढचा पोरगा नवीन होता, कानात वायर घातलेला. "पंचगंगा!" तो म्हणाला.

अख्खी रांग त्याच्याकडे वळली. आण्णाने मान वळवली. ओठ हलले, थांबले. आम्ही वाट बघितली, आक्काने शिकवलं होतं तशी.

"मागं जावा, पावणं," आण्णा म्हणाला. एकदाही न अडखळता. "पार मागं."

पोरगा डबा उचलून गेला. आण्णाने चष्मा सारखा केला, "पंचगंगा" असं स्वतःच्या तोंडाने म्हटलं आणि मगच ते चौकोनात लिहिलं. पैलवान छताकडे बघत होता. तोंड उघडलं तर रडू येईल, म्हणून मीही गप्प उभा राहिलो.