रवीची दोरी आणि जीपचा क्रँक

शेषेरावांची बायको सिंधू जीप चालवते, याचं गावाला आता नवल राहिलं नव्हतं. पण ती जीप कधी एकदा बंद पडते, याची वाट पाहणारी माणसं होतीच. बारावीच्या पेपरांच्या वेळेला निलंग्याला जायला एस.टी. नव्हती. "मी हाय की," असं सिंधू म्हणाली, आणि त्या एका शब्दावर आईबापांनी पोरी तिच्या हवाली केल्या.

परीक्षा तोंडावर आली आणि किल्लारीच्या रस्त्यावर इंजिनातून टकटक ऐकू आली. सिंधूनं तिथल्या तिथं गाडी बंद केली. भर उन्हात ती ओढून आणावी लागली. गावातला दुसरा जीपवाला पंढरी पारावर म्हणाला, "जरा टकटक झाली की घाबरली. बाईच्या हातची गाडी, दुसरं काय होनार?" हसणाऱ्याचं काय जातं!

खरं तर तिनं लगेच बंद केलं म्हणूनच इंजिन वाचलं होतं. मिस्त्रीनं ते खोलून क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, काढून दिला. नवराबायको तो गोणपाटात गुंडाळून लातूरला गुरुलिंगअप्पांच्या दुकानात घेऊन गेले. तिथं मशीनवर क्रँक घासून देतात. अप्पांनी क्रँकवरची एकेक गोल पिन मायक्रोमीटरनं मोजली.

"गोलाई शाबूत हाय. एका पिनीवर बारीक ओरखडे हायेत, पॉलिशनं जातील. पर ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरांचं काम लई पडलंय. तुमचा नंबर परीक्षा झाल्यावरच."

"मग घरीच करतो," शेषेराव म्हणाले.

"करा. एमरीच्या घासकापडाची बारीक पट्टी पिनीला लपेटायची, वरून दोरीचे वेढे द्यायचे न् टोकं ओढायची. पर दोन्ही हात सारखे चालले पाहिजेत. एक हात जड पडला की पिन एकीकडं झिजली. मग मशीनशिवाय इलाज न्हाई."

घरी अंगणात शेषेराव बाह्या सरसावून बसले. पोतं उचलायचं असो की सुई ओवायची, या माणसाचा जोर तेवढाच. चार हिसके बसले आणि पट्टी टरकन फाटली.

"उठा बरं," सिंधू म्हणाली. "ताक घुसळण्यात जन्म गेला माझा. असं ओढलं असतं तर लोणी भिंतीवर दिसलं असतं."

तिनं खुंटीवरची रवीची दोरी काढली. पिनीतल्या तेलाच्या भोकात कापूस दाबला, कोरी पट्टी लपेटली, तेल सोडलं. डावा, उजवा, डावा, उजवा. घाई नाही, हिसका नाही. शेषेराव क्रँक थोडाथोडा फिरवून देत होते. शेवटी पिनीवर नख फिरवलं तर ते कुठंच अडकेना. मग सगळं डिझेलनं धुतलं, भोकं हवा मारून साफ केली. एमरीची एक कणी राहिली असती तरी त्या कणीनं पिनीवर बसवायची कोरी बेरिंगं खाल्ली असती.

पुन्हा लातूर. अप्पा मोजायला लागले तशी सिंधू त्यांच्या हाताकडं टक लावून बघू लागली. पिन वाया गेली म्हणाले, तर पोरींना कोणत्या तोंडानं सांगायचं? अप्पांनी कडेला मोजलं, मध्ये मोजलं. मायक्रोमीटर पुसून परत मोजलं.

"एकसारखी हाय. कुठल्या मशीनवर केलं?"

"रवीवर," शेषेराव छाती फुगवून म्हणाले. जणू दोरी त्यांनीच ओढली होती!

पहिल्या पेपराच्या सकाळी पंढरीनं आपली जीप नाक्यावर आधीच लावून ठेवली होती. "सिंधूकाकू काय येत न्हाई, बसा माझ्या गाडीत," तो सांगत होता. मुली जागच्या हलेनात. तेवढ्यात सिंधूची जीप वळणावरून आली.

पंढरीनं कान दिला. "वैनी, टकटक न्हाई?"

"ती अंगणातच ऱ्हायली, भावजी. तुम्हाला पायजे तर घेऊन जावा."

मुली खिदळत आत घुसल्या. निलंग्याच्या परीक्षा केंद्राच्या दारात शेवटची मुलगी उतरेपर्यंत सिंधूनं कसाबसा दम धरला. मग काही कारण नसताना तिनं लांबलचक हॉर्न वाजवला. आनंद मावेनाच, त्याला ती तरी काय करणार!