तेलाच्या बाटलीतली काळी रेघ

जुन्या काचेच्या बाटल्या जमवण्याचं खूळ मला निवृत्तीनंतर लागलं. औषधाच्या, शाईच्या, गोळीसोड्याच्या. बायको म्हणते, "घरमा ठेवाले जागा नही, अन तुम्ही बाटल्या जमा करी ऱ्हायनात!" पण पाहुणे आले की कपाट उघडून तीच दाखवते.

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकुव्याच्या बाजारात मोहाच्या बियांचं तेल विकणाऱ्या एका बाईपाशी मी थबकलो. तिची मापाची बाटली जाड, निळसर होती. काचेत बुडबुडे. साच्याच्या जोडाची खूण गळ्याखालीच संपलेली, म्हणजे तोंड हाताने घडवलेलं. अशी एकही माझ्याकडे नव्हती. विकायला ती तयार होईना. तिच्या आईपासून गिऱ्हाइकांचा याच मापावर विश्वास. पण मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली, "बाजार उठल्यावर बघायला न्या. पुढच्या बाजाराला परत आणा."

घरी आणून मी तिची किंमत ठरवायला बसलो. आत तेलाचे काळे डाग, काचेचा खरा रंग दिसेना. मग काय, सोडा, तांदूळ आणि गरम पाणी घालून दोन दिवस खळखळवली. बाटली अशी लखलखली की मी स्वतःवरच खूश.

पुढच्या बाजाराला ऐटीत परत केली. बाईने ती उन्हात धरली, फिरवली आणि तिचा चेहराच उतरला.

"आतली काळी रेघ कुठं गेली? अर्धं माप त्या रेघेवर देते मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची बहुतेक गिऱ्हाइकं अर्धंच घेणारी. आता अंदाजाने ओतलेलं कोण मानणार? दोघीजणी तर बाटली बघून मागे सरकल्याही.

तेवढ्यात डोंगरातून आलेली एक म्हातारी पुढे झाली. तिने पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि गळ्याशी नख टेकवलं. "तुझं अर्धं माझ्यात इथवर येतं. कायमच येतं."

तिथवर तेल भरलं, ते मापाच्या बाटलीत ओतलं आणि जिथे थांबलं तिथे बाईने बाहेरून लाल दोरा आवळून बांधला. मागे सरकलेल्या दोघींनी वाकून पाहिलं आणि आपापल्या बाटल्या पुढे केल्या. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

शेवटी मीही अर्धं माप मागितलं. बाकी सगळ्यांना तिने मापावर एक धार जास्त घातली होती. मला बरोबर दोऱ्यापर्यंत दिलं.