काचेच्या पेटीतली मिसरची बाई

ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर छोट्या गाडीत बसलो तेव्हा बाबा खिडकीशी उभे होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर. मासे मारायचे, जाळी विणायची, फाटली की सांधायची. माझं सांधलेलं जाळं जंगलखात्याच्या एका साहेबांनी पाहिलं आणि मुंबईच्या एका म्युझियमातल्या दोस्ताला चिठ्ठी दिली, की जुनं कापड सांधायला याला घ्या. गाडी हलली तसे बाबा म्हणाले, "बारीक हात चालव, घाई नोको करू." पुढं काय वाढून ठेवलंय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं अन् मलाही.

मला वाटलं होतं, शाली असतील, पैठण्या असतील. तिथल्या साहेबांनी काचेची पेटी उघडली तर आत बाई. मिसर देशातली, म्हणजे इजिप्तची, हजारो वर्षांपूर्वी मेलेली, डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांनी गुंडाळलेली. पट्ट्या जागोजागी विरल्या होत्या, त्या सांधायच्या. आपल्याकडे मयतीला हात लावला तर आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाहीत, आणि मी रोज सकाळी दहाला तिच्या उशाशी जाऊन बसायचो. पळून यावंसं वाटे, पण कोणत्या तोंडानं येणार? घरी पत्र लिहिलं, कापडं सांधतो म्हणून. खोटं नव्हतंच ते.

काम मात्र हाताला जमलं. मऊ ब्रशनं धूळ काढायची, चहाच्या पाण्यात रंगवलेलं मलमल खाली सरकवायचं आणि रेशमाच्या एका तंतूनं टाके घालायचे. साहेबांची ताकीद एकच: गाठ मारायची नाही, जुनं सूत तुटतं. अहो, पण जाळं सांधणारा हात तो! टाका संपला की बोटं गाठ मारून मोकळी होतात, डोक्याला विचारत नाहीत. खांद्यापाशी एक बसलीच. पेटी बंद झाल्यावर काचेतून दिसली, तेव्हा उशीर झाला होता.

तुम्हा गावाकडच्यांना वेगळं काय सांगायचं? आपल्याकडे मयतीच्या कपड्याला गाठ राहू देत नाहीत. चितेवर ठेवायच्या आधी सगळ्या सोडतात. माय म्हणायची, "गाठ राह्यली तं जीव अटकते." साहेबांना सांगावं तर नोकरी जाईल, म्हणून मी गप्प बसलो. आठवड्याभरात गावच्या मास्तरांनी लिहिलेलं पत्र आलं: बाबांना ताप आहे, घशाखाली पाणी उतरत नाही, लवकर निघ.

मला दुसरं काही सुचेना. तिच्या खांद्याची गाठ बाबांच्या गळ्याला लागली, मीच त्यांचा जीव अडकवला, एवढंच डोक्यात. साहेबांपुढे जाऊन सगळं ओकून टाकलं. ते चिडले, पण कापडाच्या काळजीनं पेटी उघडली. चिमट्यानं गाठ सोडताना मी घाई केली, आणि नखाएवढं कापड भुगा होऊन माझ्या बोटावर आलं. मी तिथंच रडलो. साहेबांनी तो भुगा कागदाच्या पुडीत जपून ठेवला आणि म्हणाले, जा, वडिलांना भेटून ये.

घरी पोचलो तर बाबा खाटेवर, पण जिवंत. घोट-घोट पाणी उतरू लागलं होतं. आत जायची माझी हिंमत होईना. दारातूनच सांगितलं, की कापडं कसली, मी मयत सांधतो. माय तोंडाला पदर लावून बसली. बाबांनी माझ्याकडे मान वळवली. वाटलं, आता म्हणतील, चालता हो.

"तिचं कोणी नाई का तिथी?" त्यांनी विचारलं.

"नाई. सारे मिसरातच मरून गेले, कधीचेच."

"मंग तूच तिचा. घरच्या माणसाचं करून राह्यला, तं काऊन भेऊन राह्यला? जा, नदीवर आंघोळ करून ये, अन् जेव."

बाबा त्यातून उठले. औषधानं उठले, असं साहेबांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

तुम्ही काही जण गावात राहिलात, काही माझ्यासारखे बाहेर पडलात, आणि भेटलो की विचारता, आता तुझं घर कोणतं? गाव तर आहेच. पण त्या खेपेला परतीच्या गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं, की मुंबईत आता माझं एक माणूस आहे. भीती काही गेली नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी हवा दमट झाली की जिवाला घोर लागतो. मग म्युझियमचं तिकीट काढून आत जातो आणि काचेला डोळा लावतो, बुरशी तर नाही ना चढली तिला.