सवितावहिनीचा मुलूख

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या श्रीरामपूरला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट मी सव्वा वर्ष पोटात ठेवली होती. माझ्या भावजयीची, सवितावहिनीची. ती तशीच ठेवायला हवी होती.

वहिनी कर्जतकडची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या थोरल्या भावाशी, अंगदशी तिचं लग्न झालं आणि ती श्रीगोंद्याजवळच्या आमच्या वस्तीवर आली. पंधरा एकर ऊस, सहा गाई आणि माझी आई झुंबरबाई, जिला वहिनी आत्या म्हणते. आईचे सुनेसाठी कपड्यांचे नियम होते. माझ्या वडिलांसमोर, नानांसमोर डोक्यावर पदर. पाहुणा आला की पदर. भाकरी थापताना तो घसरतो, म्हणून कानामागे पिन. पंजाबी ड्रेस चालायचा नाही. हातात हिरव्या बांगड्या, एखादी फुटली तर दिवस मावळायच्या आत दुसरी भरायची. मी याच घरची लेक. मी जीन्स घालून माहेरी आले तर आई म्हणायची, "दमलीस का गं? च्या टाकू?" लेकीला एक कायदा, सुनेला दुसरा. घरोघरी मातीच्या चुली, पण आमची जरा जास्तच धूर करणारी.

वहिनी भांडली नाही. तिने मोबाईलवर एक मुलूख वसवला.

गोष्टी लिहायचं एक ॲप आहे, त्यावर ती 'सुईदोरा' या नावाने लिहायची. तिच्या मुलखाचं नाव काठेवळ. तिथे मुलगी बिनकाठाच्या कापडात वाढते. लग्नात सासरचे लोक तिच्या लुगड्याला आपल्या घराचा काठ शिवतात, बोटभर. दरवर्षी तो बोटभर रुंद होतो. म्हातारपणी कापड दिसतच नाही, नुसता काठ उरतो आणि त्याच्या वजनाने पाऊल उचलत नाही. बाईने शब्द गिळला की मातीचा एक मणी गळ्यात ओवायचा. जिची माळ सगळ्यात जड, तिला जत्रेत पहिला मान. नवरा बायकोच्या काठातला एक धागा पागोट्यात खोचतो आणि तो विटला तर भर बाजारात लोक त्याला हसतात.

आणखी एक रिवाज होता. कुठलीही बाई जन्मात एकदा नदीच्या घाटावर जाऊन आपला काठ स्वतःच्या हाताने उसवू शकते. काठ उसवून निघालेल्या बाईला कुणी अडवायचं नाही. पण दोनशे वर्षांत कुणी उसवला नव्हता. गोष्टीतली सांद्री नावाची बाई तो उसवणार की नाही, यावर हजारो वाचकांचा जीव टांगणीला लागला होता.

मला हे कळलं ते माझ्या सासरच्या कापडाच्या दुकानामुळे. गेल्याच्या आदल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा वहिनी मला विचारत होती, जुना काठ उसवताना कापड फाटतं का, टाक्यांच्या खुणा किती दिवस राहतात. मी म्हटलं, "जन्मभर राहतात." त्यावर ती रडायलाच लागली. मग तिने सगळं सांगितलं आणि गळ्याची शपथ घातली.

खरी गंमत पुढे आहे. आईला वाचता येत नाही. दुपारी गुडघ्यांना तेल लावून झालं की वहिनी तिला काठेवळची गोष्ट वाचून दाखवायची. आईने विचारलं होतं, "कोन लिवतं गं हे?" वहिनी म्हणाली, "सुईदोरा म्हनून हाय कुनीतरी, आत्या."

मण्यांचा भाग वाचला तेव्हा मी तिथेच होते. आई उठून बसली. "खरं लिवलंय बाईनं," ती म्हणाली, "माज्या गळ्यात तर पोतंभर मनी व्हतील. माज्या सासूनं मला चार वर्सं आरशाम्होरं हुबं राहू दिलं न्हाई." तिने डोळे पुसले. मला वाटलं, आता ही वहिनीकडे नीट बघेल. तेवढ्यात बाहेर नानांची चप्पल वाजली.

"सविता, पदर," आई म्हणाली.

वहिनीने फोन खाली ठेवला आणि पदर घेतला. इतका संताप आला मला! आईचा आला, आणि मुकाट्याने ऐकणाऱ्या वहिनीचाही आला.

यंदा फेब्रुवारीत ॲपवाल्यांनी तिला पुण्याला बोलावलं. शेवटचा भाग लेखिकेने स्टेजवर स्वतः वाचायचा, खऱ्या नावाने. वहिनीला जायचं होतं. लग्नानंतर नऊ वर्षांत तिने एवढी एकच गोष्ट मागितली, आणि तीही माझ्याकडे. आम्ही ठरवलं, चार दिवस श्रीरामपूरला येते असं सांगून तिने माझ्याबरोबर निघायचं आणि तिथून दोघींनी पुणं गाठायचं. मी दुकानातल्या साध्या निळ्या कापडाचा ड्रेस तिच्या मापाने शिवून घेतला. तिने मला शेवटचा भाग पाठवला. सांद्री घाटावर बसून एकेक टाका काढते, काठ पाण्यात सोडते आणि हलक्या पायांनी नदी ओलांडते. मी गल्ल्यावर बसून रडले. गिऱ्हाईक परकराचा भाव विचारत होतं, त्याला मी काय सांगितलं देव जाणे.

शुक्रवारी तिला न्यायला गेले तर आई म्हणाली, "सविता कुठं न्हाई जायाची. उसाची तोड चालू हाय, टोळीला च्यापानी कोन करनार?"

"मी करते त्यांची सोय," मी म्हटलं.

"तू पावनी. गप बस."

वहिनीने पिशवी उचलून परत आत ठेवली. तिने ती इतक्या सहज ठेवली की माझं डोकंच फिरलं. "आई, तू कुणाला अडवतीयेस ठाऊक आहे का? दुपारी जिच्या गोष्टीवर रडतेस ना, ती सुईदोरा हीच आहे. तुझी सून!"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तसं कधीच कुणी पाहिलं नव्हतं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने वहिनीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलांवर बोटं मोडली आणि बांधावरच्या नानांना हाक मारली, "अवं, आपल्या सवितानं लिवलंय ते! समदं हिनं लिवलंय!" संध्याकाळपर्यंत वस्तीवर पेढे वाटून झाले. टोळीच्या चहाचं शेजारणीला सांगून झालं. आता सगळ्यांनीच पुण्याला जायचं ठरलं. आईने पेटीतून स्वतःची पैठणी काढली, वहिनीला स्वतः नेसवली, ठुशी घातली, नथ घातली, डोक्यावर पदर देऊन दोन्हीकडून पिना लावल्या. "येवढ्या लोकांत पडाया नगं," ती प्रेमाने म्हणाली. निळा ड्रेस पिशवीतच राहिला.

जीपमध्ये आई तिच्या शेजारी बसली. "त्या सांद्रीला जाऊ नगं देऊ बरं का," ती हसत म्हणाली. "सासू म्हातारी हाय तिची. कोन बघंल तिला?"

"बघू, आत्या," वहिनी म्हणाली.

हॉल भरलेला होता. आई पहिल्या रांगेत, हात मांडीवर जोडून. वहिनी वाचत होती आणि मी ओठांतल्या ओठांत तिच्यासोबत म्हणत होते, मला पाठच झालं होतं. सांद्री घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसली. तिने सुई काढली. इथे वहिनी थांबली. तिने समोर पाहिलं. मग जे बोलली ते कागदावर नव्हतं. सांद्रीने सुई परत केसांत खोचली, पाय धुतले, घागर भरली आणि ती घरी निघाली. घरात सासू वाट बघत होती.

शेवटचं पान तिने उलटलंच नाही.

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरी मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या. आई उभी राहून शेजारच्या बाईला सांगत होती, "माजी सून हाय ती. माजं आयकलं बगा तिनं." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझ्या आईने मला कधी एवढं मिरवलं नाही.

येताना चौफुल्याला चहाला थांबलो. आई अंगदला सांगत होती की पुढची गोष्ट ती सांगेल आणि सविता फक्त लिहून घेईल. वहिनी नळावर हात धूत होती. मी तिच्याजवळ गेले. "का बदललंस गं? एवढं सुंदर लिहिलं होतंस."

ती माझ्यावर चिडली नाही. चिडायला हवी होती, मी शिव्या खायला तयारच होते. तिने नळ बंद केला.

"आत्या सांद्रीच्या घरात येऊन बसल्या हुत्या, ताई," ती म्हणाली. "तेवढी एकच जागा हुती मला, जिथं मी कुनाचीच सून न्हवते."