याडीच्या वतीने केलेली सही

याडी आजारी पडली तेव्हा कापसाची दुसरी वेचणी चालू होती. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. बाभुळगावजवळच्या तांड्यात आम्ही दोघीच राहतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. शेत ती पाहते आणि मी बाभुळगावात एका सेवा केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते.

आधी नुसता बारीक ताप होता, डोकं दुखायचं. दोन आठवडे गोळ्या झाल्या, सलाइन झालं, टायफॉइडची इंजेक्शनं झाली. मग उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी अंगणात बसून ती म्हणाली की दारात दोन बकऱ्या उभ्या आहेत. बकरी एकच होती. तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलेला मला तेव्हा दिसला. उठवायला गेले तर मान लाकडासारखी ताठ.

यवतमाळला नेलं, तिथून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मेंदूच्या आवरणाला टीबी झालेला दिसतो. तिला खोकला नव्हता, मग टीबी कसा, हे मला कळेना. खात्रीसाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं. सोबत आलेले मामा नको म्हणाले. पाणी काढलं की माणूस कमरेतून जातो, असं त्यांनी ऐकलं होतं. मीही तेच ऐकत मोठी झाले होते. मॅडमनी समजावलं की माणूस या आजारानं जातो आणि दोष सुईला लागतो. मी हो म्हटलं आणि सुई टोचेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. टीबीच निघाला.

त्याच दिवशी मॅडम कागदांचा एक गठ्ठा घेऊन आल्या. या आजारात नेहमीचे उपचार देऊनही बरेच लोक दगावतात, वाचतात त्यांतले काही अधू होतात, असं त्यांनी सरळ सांगितलं. औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नसावं. म्हणून नेहमीच्याच एका गोळीचा डोस वाढवला तर जास्त लोक वाचतात का, याचा अभ्यास चालू होता. वाढीव डोस कोणाला, हे कॉम्प्युटर ठरवणार. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या जादा गोळ्या. कोणाला काय मिळतं हे आम्हालाही कळणार नव्हतं आणि मॅडमनाही. यकृताला त्रास होऊ शकतो, त्यासाठी रक्त तपासत राहणार. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील. पेशंट भानावर नाही म्हणून सही मी करायची.

मी विचारलं, "मॅडम, तुमची आई असती तर?"

त्या म्हणाल्या, "कोणता डोस चांगला हे मला माहीत असतं, तर हा अभ्यास करावाच लागला नसता, ताई."

मामा म्हणाले, गरिबावरच प्रयोग करून पाहतात हे लोक. सेवा केंद्रात मी दिवसभर लोकांना बोट दाखवून सही कुठे करायची ते सांगते, कोणी वाचत नाही, मीही वाचून दाखवत नाही. ते कागद मात्र मी तीनदा वाचले आणि सही केली. त्यात धाडस काही नव्हतं. माणसं दगावतात, हे मॅडमचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

शेजारच्या पलंगावर राजूरकडची एक बाई होती, तीही त्याच अभ्यासात. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. सकाळी मॅडम प्रत्येकाला नाव काय, कुठे आहात, कोणता महिना, असं विचारत. एका सकाळी त्या बाईनं नवऱ्याकडे पाहून हा माझा भाऊ असं सांगितलं. दुपारी तिला आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी तो माणूस एकटाच पिशवी न्यायला आला. त्यानं मला एवढंच विचारलं, "तिले जास्तीच्या गोळ्या होत्या का साध्या?" मला माहीत नव्हतं. याडीच्या गोळ्या तशाच दिसत होत्या.

याडी तोवर मराठी बोलायचीच थांबली होती. गोरबोलीत पुटपुटायची आणि मी मॅडमना मराठीत सांगायचे. दोन दिवसांनी मॅडमनी विचारलं, "मावशी, कुठे आहात?" याडी हळू आवाजात म्हणाली की ती बापाच्या शेतात आहे, कापसानं ओटी भरली आहे, कोणीतरी गाठोडं आणा.

मी म्हटलं, "दवाखान्यात आहे म्हणते."

मॅडमनी लिहून घेतलं आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. मला फक्त एवढंच हवं होतं की याडीला त्या आयसीयूच्या दारातून आत नेऊ नये. पण माझं खोटं कागदावर गेलं होतं. तीन पलंग होईपर्यंत मी उभी राहिले, मग त्यांच्या मागे गेले.

"मॅडम, मी खोटं सांगितलं."

त्या रागावल्या नाहीत. खरं उत्तर ऐकून त्यांनी तडक स्कॅनला पाठवलं. मेंदूत पाणी साचत होतं. त्याच दुपारी ऑपरेशन करून नळी टाकावी लागली. ऑपरेशनच्या दाराबाहेर मी फरशीवर बसून राहिले. मामा पाणी घेऊन आले. मी गप्प राहिले असते तर, हा विचार मनात यायचा आणि मी मध्येच तोडायचे.

दोनेक आठवड्यांनी याडी भानावर आली. भाकर मागितली, वेचणी कोणी केली ते विचारलं. मग मॅडम तेच कागद घेऊन आल्या. आता मावशींना समजतंय, तेव्हा मुलीची सही पुरत नाही, त्यांनाच विचारायला हवं. नको असेल तर बाहेर पडता येईल. मला पुन्हा धडकी भरली. ती हो म्हणेल याचीही आणि नाही म्हणेल याचीही.

याडीनं सगळं ऐकलं. मग शेजारचा पलंग दाखवून विचारलं की ती बाई घरी गेली का. मी तिच्यापासून लपवलं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगितलं.

याडी मॅडमना म्हणाली, "तिच्यावरून तुमाले काई समजलं का?"

"अजून नाही. सगळ्यांचं एकत्र पाहिलं की समजेल."

"मंग माह्यंही लिहा."

अंगठा लावायला तिनं हात पुढे केला. मी धरायला गेले तर तिनं झटकला.

गोळ्या वर्षभर चालल्या. डोळा बराचसा सरळ झाला. डाव्या हाताची पकड गेली, त्यामुळे आता ती एका हातानं कापूस वेचते आणि दुसऱ्या कोणी मदत केलेली तिला चालत नाही. अभ्यास अजून संपलेला नाही, तिला कोणता डोस होता ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तपासणीला नागपूरला जातो तेव्हा एसटीत ती खिडकीशी डोकं टेकून झोपते. मला ते सहन होत नाही. कळंब येईपर्यंत मी तिला दोनदा उठवते, काहीतरी निमित्त काढून. ती चिडते, झोपू दे म्हणते आणि पुन्हा डोळे मिटते. मी तिच्या पदराची हालचाल पाहत बसते.